सोवळं वाळवायची दांडी

मुंबईत टॉवेल गरम करायची दांडी कोणाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही. इथे माणूस अंघोळ करून बाहेर येईपर्यंत परत घामाने भिजतो. पण आमच्या मरोळच्या गाळ्यात असली थेरं रोजचीच. आम्ही शूटिंगवाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन बनवतो, आणि हल्ली हौशी लोकांच्या कॅरव्हॅनही, म्हणजे आत झोपायचं, शिजवायचं, अंघोळ करायची, सगळी सोय असलेल्या गाड्या. मी तिथला वायरमन. छतातून खाली उतरणारे टीव्ही मी लावलेत, कुत्र्यासाठी वेगळा एसी लावलाय. त्यामुळे एका गिऱ्हाइकाने बाथरूममध्ये ती दांडी मागितली तेव्हा मी तोंडातून अक्षर काढलं नाही. शिडीसारखी होती, चकचकीत स्टीलच्या आडव्या नळ्या आणि आत हीटर. टॉवेल टाकून ठेवायचा, आणि अंघोळ झाली की ऊनऊन अंगाला गुंडाळायचा. लावून दिली. थोड्या दिवसांनी त्याची बायको म्हणाली की हाताला चटका बसतो, काढून टाका. काढून दिली. मग ती पोटमाळ्यावर गोणपाटात पडून राहिली आणि मी तिला साफ विसरलो.

आठवण झाली ती बाबांमुळे.

बाबा म्हणजे माझे वडील. आयुष्य गिरणीत गेलं, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली, आणि आता घाटकोपरला माझ्या घरी. शिमग्याच्या सुमारास त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. लघवीवरचा ताबाही गेला. मी त्यांना अंघोळ घालतो, मी कामावर असलो की बायको त्यांचं सगळं करते. हे सांगायला दोन ओळी लागतात, करायला काय लागतं ते ज्याने केलंय त्याला माहीत.

आता त्यांचं सोवळं. आमच्या लोकांत एवढं कडक कोणी पाळत नाही, पण बाबांनी पाळलं. रोज अंघोळीला गेले की ओल्या अंगाने स्वतःचा पंचा स्वतः धुवायचा आणि स्वयंपाकघरातल्या उंच दांडीवर काठीने वाळत टाकायचा. मग दिवसभर त्याला कोणाचा हात लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली की तो काठीने खाली ओढायचा, नेसायचा, देवांची पूजा करायची, आणि मगच चहा. कोणाचा हात लागला तर परत धुणं, परत वाळणं, आणि तोवर उपाशी. आमचं लग्न नवीन होतं तेव्हा जाळी काढताना बायकोचा झाडू त्या पंच्याला लागला होता. बाबा दिवसभर जेवले नाहीत, आणि तीही जेवली नाही. त्यानंतर ती दांडीखालून गेली तरी बाबा ओरडायचे, लांब हो. त्या घरात तिने कसे दिवस काढले ते तिलाच विचारा, मी सांगायला गेलो तर म्हणेल, तुला काय माहीत.

हे सगळं चालायचं ते गावच्या गणपतीसाठी. घरातले थोरले बाबा, म्हणून चतुर्थीला पाटावर तेच बसणार. आदल्या रात्री धुतलेला पंचा चुलीवरच्या आढ्याला टाकून वाळवायचा आणि पहाटे तो नेसून पूजेला बसायचं. गिरणीचा संप झाला तरी गेले, आई आजारी होती तरी गेले. आम्ही पोरं गमतीने म्हणायचो, बाबांचं वर्ष एकाच दिवसाचं आहे, बाकीचे दिवस नुसते त्याची तयारी. ते ऐकून त्यांनाही बरं वाटायचं.

अंगावरून वारं गेल्यापासून पंचा नाही, पूजा नाही. बायकोने शिवलेला मागून उघडा गाऊन घालून ते पडून असायचे. काही मागायचे नाहीत. आषाढ लागला आणि एक दिवस त्या जड जिभेने म्हणाले, "गावाक कधी जावचा?" आणि मग रोज तेच. सकाळी तोंड धुताना तेच, संध्याकाळी मी कामावरून आलो की तेच. आम्ही हो हो करायचो. शेवटी मी गावी चुलतभावाला फोन लावला.

चुलतभाऊ वाईट नाही. घर तोच सांभाळतो, छपराची कौलं तोच बदलतो, आम्ही नुसते चार दिवस मोदक खायला जाणारे. तो आधी म्हणाला की संडास अंगणापलीकडे आहे, चिखल केवढा असतो तुला माहीत आहे. मी म्हटलं, बघू. मग त्याने आवाज खाली केला आणि म्हणाला, "देव बसलेले असताना घरात घाण झाली, तर काय करायचं रे?"

मी फोन ठेवला. माझं डोकं फिरलं की मला थांबवता येत नाही, तेव्हा काही बोलण्याआधी ठेवलेला बरा. रागाचं खरं कारण हे, की त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी ते ऐकलं असतं तर त्यांनीही मान हलवली असती. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि समोरच्या डोंगरावरच्या पत्र्यांकडे बघत मनातल्या मनात त्याला आईमाईवरून शिव्या घातल्या.

त्या आठवड्यात गाळ्यावर मला सुचलं. इंडस्ट्रियल इस्टेटच्या भिंतीला लागून आमची एक जुनी व्हॅन उभी असते. शूटिंगवाले तिला आता विचारत नाहीत, पण बाथरूम आहे, गिझर आहे, मागे जनरेटर आहे. ती घेऊन गावी जायचं, अंगणाबाहेर रस्त्यावर उभी करायची. बाबांचं राहणं, झोपणं, धुणं सगळं गाडीत. पहाटे अंघोळ घालून खुर्चीत बसवायचं, उचलून थेट पाटावर, पूजा झाली की परत गाडीत. घरात घाण व्हायचा प्रश्नच नाही. शेठने डोकं खाजवलं आणि म्हणाला, घेऊन जा. उभीच आहे, तेवढाच तिला वारा लागेल. मी इतका खूश झालो की वाटेत जिलेबी घेऊन घरी गेलो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "सोवळा खंय सुकतला?"

बायको माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी बाबा भांडणाच्या सुरात बोलले होते. आणि मुद्दा बरोबर होता. भाद्रपदात कोकणात काही वाळत नाही, चड्डीसुद्धा अंगावर वाळवावी लागते. चूल घरात, आणि घरात तर आपण उतरणार नाही. मी म्हटलं इस्त्री करू. ते म्हणाले, इस्त्री कोणाकोणाच्या कपड्यांवरून फिरलेली असते. केस वाळवायचं मशीन? ते हातात धरावं लागतं, धरणाऱ्याचं काय? मी वैतागलो. आणि मग ती पोटमाळ्यावरची दांडी डोळ्यांपुढे आली. मी त्यांना नीट समजावलं. काठीने वरून पंचा टाकायचा, लांबून बटण दाबायचं, नळ्या तापतात, कापड वाळतं. ना कोणाचा हात, ना दुसऱ्याचा कपडा. बाबांनी डोळे मिटून विचार केला. नंतर म्हणाले, "यंत्राक कसलो इटाळ."

बायको स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेलो तर भांडी आपटत म्हणाली, यंत्राला नाही म्हणे, मला मात्र सगळा होता. बरोबरच होतं तिचं.

ती दांडी लावताना मी जो जीव काढला तो कुठल्या हिरोसाठी काढला नव्हता. गोणपाटातून काढून पहिल्यांदा लावली तर ब्रेकर धाडकन पडला, लाइट गेली. हीटर बरेच दिवस पडून राहिला की आत ओल धरतो, मग करंट गळतो. बाहेर ऊन असतं तर वाळत टाकली असती, पण श्रावणात ऊन कुठलं. हॅलोजनच्या दिव्यासमोर ठेवली, दिवसभर तापवली, परत गळती मोजली, परत तापवली, तेव्हा कुठे ब्रेकर टिकला. मग भिंत. गाडीची भिंत म्हणजे अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर प्लाय ठोकलेला. नुसत्या प्लायमध्ये स्क्रू मारला तर घाटात धक्क्यांनी निसटणार. ठोकून ठोकून आतली पट्टी शोधली, तिच्यात बोल्ट मारले, मध्ये रबर घातलं, भोकं सिलिकॉनने बुजवली. ओली जागा, आत म्हातारा माणूस, म्हणून अर्थिंग दोनदा तपासलं, आणि शॉवरचं पाणी उडणार नाही इतक्या उंचावर दांडी घेतली. बटण बाथरूमच्या बाहेर ठेवलं. गाळ्यातला पेंटर जाता येता हसायचा. म्हणायचा, बापाला टॉवेल गरम पाहिजे, मजा आहे यार. मी त्याला सोवळ्याचं काही सांगितलं नाही. सांगून त्याला काय कळणार होतं, आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

एका रविवारी शटर बंद होतं तेव्हा बाबांना टॅक्सीने आणलं. म्हटलं, गावी जाऊन फजिती नको, एकदा पूर्ण रंगीत तालीम करून बघू. बायको बरोबर होती. सकाळीच येऊन मी गाडीत अंघोळ केली होती, ओल्या कपड्यांतच पंचा धुतला होता आणि काठीने दांडीवर टाकला होता. बाबांना उचलून आत आणलं तेव्हा त्यातून वाफ निघत होती. धुतलेल्या सुती कापडाचा एक वास असतो, तो त्या एवढ्याशा बाथरूममध्ये भरला होता. बाबांनी मान वर करून बघितलं, आणि हसले. वाकड्या तोंडाने हसले, पण हसले. "झकास," म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. बायको दाराबाहेर उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जमलं. चतुर्थीला बाप पाटावर बसतो.

मी परत अंगावर पाणी ओतून घेतलं. ओल्या कपड्यातला माणूस सोवळ्यात धरतात, हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलेलं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून त्यांना अंघोळ घातली. गिझर नीट चालत होता. पाणी अंगावर पडल्यावर ते काहीतरी पुटपुटायला लागले, त्यांचं नेहमीचं स्तोत्र असावं, शब्द लागत नव्हते. मग मी काठीने पंचा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उजव्या हाताने घेतला.

आणि तिथेच सगळं थांबलं.

एका हाताने पंचा नेसता येत नाही. करून बघा कधी. एक टोक कमरेला दाबून धरावं लागतं, तेव्हा दुसरं फिरवता येतं. त्यांनी एक टोक हनुवटीखाली धरलं, सुटलं. दातात धरलं, तर वाकड्या ओठांतून निसटलं. पाठ भिंतीला टेकवून कापड पाठीमागे अडकवायचा प्रयत्न केला आणि स्टुलावरून कलंडायला लागले. मी पुढे झालो, तर ओरडले, हात लावू नको. मी उभाच राहिलो. पंचा खाली ओल्या फरशीवर पडला. त्यांनी तो तसाच ओढून परत मांडीवर घेतला, परत सुरुवात केली. त्यांचं उघडं अंग थरथरत होतं आणि मी तिथे काठी धरून उभा.

जनरेटर बघितला, संडास बघितला, बोल्ट, रबर, अर्थिंग, सगळं बघितलं. नेसवायचं कोणी, हे आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. एवढे महिने मीच त्यांना गाऊन घालत होतो, तरी नाही आलं. पंचा म्हटलं की आम्हाला अजून तेच बाबा दिसत होते, दोन हातांनी खटाखट नेसणारे, आणि त्यांनाही स्वतःमध्ये तेच दिसत होते.

शेवटी मला सहन झालं नाही. मी वाकून पंचा घेतला आणि त्यांच्या कमरेभोवती गुंडाळला. म्हटलं, "मी ओलेत्याने आहे ना बाबा. चालतं."

थरथर थांबल्यावर ते म्हणाले, "तुझा चलता रे. जेका धुवूक दुसरो माणूस लागता, तेचा कसला सोवळा?"

मी वाद घातला. आवाज चढवून घातला, मला दुसरं काही येत नाही. तिथूनच गावच्या भटजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. भटजी भला माणूस. आजारी माणसाला कसलाच नियम नाही, देव समजून घेतो, खुशाल घेऊन या म्हणाले. मी फोन बाबांसमोर नाचवला, ऐकलंत ना? बाबांनी मान हलवली.

"देव समजान घेतलो," ते म्हणाले. "पण माका ठावक आसा मां."

मी म्हटलं, मग मी बसतो पाटावर, तुमच्या जागी. ते म्हणाले, आणि माझा कोण करतला? तेही खरं होतं. बायको एकटी त्यांना उचलू शकत नाही आणि परक्या माणसाला ते अंगाला हात लावू देत नाहीत. टॅक्सी येईपर्यंत आम्ही तिघे त्या व्हॅनमध्ये बसून होतो. बायकोने त्यांचे केस पुसले, गाऊन चढवला. ज्या माणसाने तिला उभ्या जन्मात पंच्याच्या सावलीला येऊ दिलं नाही, तो लहान मुलासारखा हात वर करून बसला होता, म्हणजे एकच हात. घाटकोपरच्या पुलावर आल्यावर मला म्हणाले, "तेका सांग, तू बस पाटार म्हणान." चुलतभावाला. त्यानंतर गावाचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक फरक पडला. सकाळी बायको तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तर ते म्हणाले, आधी चहा दे. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. अंथरुणात, पारोशाने, त्यांनी चहा प्यायला. कधी म्हणायचे आज अंघोळ राहू दे. ताटात काय वाढलंय ते बघेनासे झाले. श्रावणातल्या सोमवारी शेजारणीने चुकून मच्छीचं कालवण पाठवलं, बायको परत करायला निघाली, तर म्हणाले ठेव, आणि जेवले. लोक म्हणतात, चला, म्हातारा सुधारला, तुम्हाला त्रास कमी. बायकोसुद्धा एकदा चिडून म्हणाली, आता काय हे, हे शहाणपण तेव्हा सुचलं असतं तर. आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. मी बाहेरून कडी वाजवली तर म्हणाली, जा रे, मला लांब हो म्हणणारं कोणी राहिलं नाही.

चतुर्थीला पहाटेच चुलतभावाने व्हिडिओ कॉल केला. आपण होऊन केला, हे मी मान्य करतो. त्याने फोन कुठेतरी खुंटीला अडकवला असावा, चित्र तिरकं येत होतं. गणपती अर्धा दिसत होता, पाटावर बसलेल्या चुलतभावाची पाठ दिसत होती, भटजींचा आवाज येत होता. मी बाबांना उशीला टेकवून बसवलं आणि फोन पुढे धरला. ते बघत होते. काही वेळाने मला कळलं की ते फोनकडे बघत आहेत, आतल्या गणपतीकडे नाही.

आरती सुरू झाली. बायको म्हणाली, बाबा, हात जोडा ना. त्यांनी उजवा हात छातीपर्यंत आणला आणि तसाच ठेवला. मी त्यांचा डावा हात मांडीवरून उचलला, गार पडला होता तो, आणि उजव्याला नेऊन लावला. त्यांनी उजवा काढून घेतला आणि चादरीखाली घातला. आरती संपेपर्यंत तो डावा हात धरून मी बसलो होतो.